रेणूचं पथ्य

गोलाघाट, ३ नोव्हेंबर

डॉक्टरनं सांगितलंय, रोज लिहून ठेवा. सकाळचं वजन, नाडी, पायांची सूज. म्हणून ही वही. चहामळ्याच्या हापिसात चौतीस वर्षं बडाबाबू, म्हणजे हेडक्लार्क, होतो, दर वर्षी एक जाडजूड डायरी मिळायची, एकीतही अक्षर लिहिलं नाही. आता लिहितो.

रेणूला काल दवाखान्यातून घरी आणलं. हृदय दमलंय, म्हणून पायांत पाणी साठतं आणि आडवं झालं की धाप लागते. डॉक्टर बरकटकी म्हणाला, "मीठ बंद. चिमूटभरसुद्धा नाही. पुन्हा पाणी साठलं तर मी हमी देणार नाही." एवढं एकच वाक्य तो माझ्याकडे बघून बोलला, बाकी सगळं कागदाकडे बघून. तीन गोळ्या लिहिल्या. मी विचारलं, ही पिवळी कशासाठी? म्हणाला, "खुरा, तुम्ही वेळेवर द्या. कशासाठी ते माझ्यावर सोडा." तोंडानं खुरा, म्हणजे काका, म्हणायचं आणि काकाला उभं ठेवायचं. मी घड्याळ बघितलं होतं. चार मिनिटं. मळ्यात पानांचं एक पोतं तपासायला मी याहून जास्त वेळ द्यायचो.

चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ खरडलेली होती. औषधवाल्यानं चष्मा पुसून दोनदा वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "हे काही औषध नाही, सोडून द्या." सोडून दिलं.

घरी आल्यावर रेणूनं विचारलं, "स्वयंपाकाचं काय?" मी म्हटलं, मी करणार. ती हसली. धाप लागेपर्यंत हसली. मग मलाच तिला पाणी द्यावं लागलं, मोजून अर्धा पेला.

५ नोव्हेंबर

वजन ६१. सूज घोट्याच्या वर.

भात लागला. दुसऱ्यांदा टाकला, तोही लागला. तिसरा जमला. मसुराची डाळ, बटाटा उकडून मोहरीच्या तेलात कुस्करला. मीठ नाही. रेणूनं दोन घास खाल्ले, "छान झालंय" म्हणाली आणि डोळे मिटले. मग मी खाऊन बघितलं. छान कसलं, ओला पुठ्ठा! एवढी खोटारडी बाई एकेचाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

शेजारच्या पद्माबाइदेउ, म्हणजे पद्माताई, खिडकीतून डोकावून गेल्या. "बडाबाबूंच्या हातात पळी! आता ब्रह्मपुत्रा उलटी वाहणार." वाहू दे. रेणू जेवली नाही तर औषध पोटात कशावर टिकणार? तिला खाऊ घालायचंय, बस.

७ नोव्हेंबर

आज डोक्यात प्रकाश पडला. माझी आजी सांगायची, पूर्वी या मुलखात मीठ मिळायचं नाही, लांबून यायचं, सोन्याच्या भावानं. मग लोक काय खायचे? खार! बिया असलेल्या भीमकेळ्याच्या साली वाळवायच्या, जाळायच्या, राखेतून पाणी गाळायचं. आम्हा आसामी माणसांना उगीच नाही सगळे खारखाऊ म्हणत. डॉक्टरनं मीठ बंद केलंय. खार काही मीठ नव्हे.

पद्माबाइदेउंकडे वाळलेल्या सालींची टोपलीच होती. म्हणाल्या, "बाटलीतला विकत घ्या की." मी म्हटलं, बाटलीत काय घालतात देव जाणे. मीच करणार.

अंगणात साली जाळल्या. करवंटीला भोक पाडून त्यात गवत कोंबलं, वर राख, वर पाणी. खाली थेंब थेंब पडायला लागलं. रंग कोऱ्या लाल चहासारखा, अगदी दुसऱ्या तोडीचा. चहाचा रंग मला कुणी शिकवायला नको. कच्च्या पपईत दोन चमचे घातला.

रेणूनं ताट रिकामं केलं. अख्खं ताट. मला रडू आलं. इथं लिहितो, कोण वाचणार आहे.

ती म्हणाली, "रोज नसतं हो करायचं. कधीतरी दुपारी, पहिल्या भाताला." मी म्हटलं, मिठाचं जेवण रोज चालतं, मग हे का नाही?

११ नोव्हेंबर

वजन ५९. सूज उतरली! घोट्याचं हाड दिसायला लागलं. मी आनंदानं पद्माबाइदेउंना बोलावून तिचे पाय दाखवले. रेणू लाजली, म्हणाली, "नवरीला बघायला आल्यासारखं काय करताय!"

सकाळी चिरा, म्हणजे भिजवलेले पोहे, आणि दही. दुपारी उडदाच्या डाळीत खार. चार वाजता कुरमुरे आणि कोरा चहा, बिनसाखरेचा. उद्या दुधीत खार.

डॉक्टरकडे गेलो. वजनाचा आकडा बघून "गुड" म्हणाला आणि पिवळी गोळी अर्धीची एक केली. का, ते नाही सांगितलं. मी वही पुढे केली, जेवण लिहिलेली पानं. त्यानं फक्त वजनाचा रकाना बघितला. तीन मिनिटं.

१४ नोव्हेंबर

रेणू म्हणाली, "आंबट काही कराल का? माशाचं टेंगा, अगदी पातळ." मी म्हटलं, वेडी आहेस का, खार आणि आंबट एका ताटात कुणी वाढतं का? मग गप्प बसली. खार जमलाय तर तोच चालू ठेवायचा, घडी मोडायची नाही.

१८ नोव्हेंबर

न्हाणीघरातून येताना तिचे पाय लटपटले. म्हणते, "मांड्यांत जोरच नाही, कुणी काढून घेतल्यासारखा." वजन ५८, सूज अजिबात नाही. मग अशक्तपणा कशाचा?

डॉक्टर म्हणाला, "वय झालंय, खुरा." रेणू एकसष्टची आहे. त्याची आई किती वर्षांची, असं विचारणार होतो, जीभ चावली. ताकदीची गोळी लिहून दिली. आता चार झाल्या. आणि बाहेर बसलेली माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी त्यांचा नंबर चोरला. दोन दिवस तिला मळमळतंय, हे सांगायचं राहिलं.

२२ नोव्हेंबर

नाडी ५४. आधी ७२ असायची. दोनदा मोजली.

पोट बिघडलंय तिचं. आजी म्हणायची, पोट बिघडलं की खार, आतडी धुऊन निघतात. म्हणून आजपासून संध्याकाळीही थोडा, बारीक चिरलेल्या पालेभाजीत. पद्माबाइदेउ भिंतीवरून ओरडल्या, "रात्रीच्या जेवणात खार? कुणाच्या घरात बघितलंत?" मी म्हटलं, तो नियम धडधाकट माणसांचा. आजाऱ्याला आजाऱ्याचे नियम. राखेचं दुसरं मडकं लावलंय. माझ्या हाताची कातडी खारानं सोलवटली, बोटं चरचरतात. चरचरू देत. ती उभी राहिली पाहिजे.

रेणूनं खाल्लं. छान झालंय म्हणाली.

२५ नोव्हेंबर

माझा संशय पक्का झाला. गोळ्याच! घरी आली तेव्हा बसून बोलत होती, हसत होती. गोळ्या वाढल्या तशी ही खचत गेली. आणि तो पठ्ठ्या प्रत्येक वेळी एक वाढवतो. पिवळी बंद केली. रेणूला सांगितलं नाही, तिच्या जागी ताकदीची गोळी हातावर ठेवली. तिनं माझ्या हातावरची गोळी बघितलीही नाही, सरळ तोंडात टाकली.

२९ नोव्हेंबर

चूक झाली. वजन ६१. सूज पोटरीपर्यंत. पहाटे उशीवर उठून बसली, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. मला धरून म्हणाली, "दार उघडा, वारा नाहीय." दार उघडंच होतं.

पिवळी सुरू केली. मी गाढव आहे. आता इतकं कळलं की गोळी सोडली तर पाण्यानं बुडते आणि घेतली तर पाय जातात. म्हणजे करायचं तरी काय माणसानं?

१ डिसेंबर

एकटाच गेलो, रेणूला उचलणं जमेना. सूज वाढली म्हटल्यावर डॉक्टरनं पेन ठेवलं. वाटलं, आता ऐकेल. तर म्हणतो, "खुरा, घरात मीठ चालू आहे."

मी म्हटलं, एक कणही नाही.

"लोणचं? सुकी मासळी? खुडी चोरून खात असतील."

खुडी म्हणजे काकू, म्हणजे रेणू. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती बाई उठून पाणी घेऊ शकत नाही, ती चोरून मीठ खाणार? मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या घरात मिठाची बरणी नाही. पद्माबाइदेउंच्या घरी ठेवलीय, कुलपात."

"सगळे असंच म्हणतात," म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

पिवळी चार दिवस बंद ठेवली होती हे मी सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. पण मी सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. त्याच्या तोंडचं "बघा, मी म्हटलं नव्हतं?" ऐकायची हिंमत नव्हती.

२ डिसेंबर

नाडी ४४. बोलता बोलता झोपते. ओठांभोवती मुंग्या आल्यासारखं वाटतं म्हणते.

ठरवलं. उद्या रेणूला घेऊन जाणार आणि डबाही घेऊन जाणार. त्याच्या टेबलावर उघडून ठेवणार. म्हणणार, खा. एका घासात मीठ सापडलं तर भर बाजारात कान धरून उभा राहीन.

३ डिसेंबर

दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. वही मांडीवर आहे, अक्षर बघू नये.

सकाळी पपईचा खार केला, नेहमीपेक्षा जास्त मन लावून. पद्माबाइदेउंनी आणि रिक्षावाल्यानं मिळून रेणूला बसवलं. डॉक्टरच्या खोलीत नंबर डावलून शिरलो. बाहेरून शिव्या आल्या, खाल्ल्या. डबा त्याच्या कागदांवर ठेवला, चमचा हातात दिला.

"खा. आणि मग म्हण माझ्या बायकोला चोर."

तो चिडला. मग रेणूकडे बघितलं, ती खुर्चीत एका बाजूला कलली होती. माझ्याकडे बघितलं. काय वाटलं त्याला कोण जाणे, घास घेतला. जिभेवर फिरवला. दुसरा घेतला नाही.

"हा खार आहे," म्हणाला.

"आहे. मीठ आहे का?"

"खुरा, हा किती वेळा खातात त्या?"

"रोज. आता दोन वेळा. चांगला घट्ट काढतो मी, बाजारासारखा पाणचट नाही."

मी अभिमानानं सांगितलं. अभिमानानं! तो खुर्ची पाडून उठला. रेणूचं मनगट धरलं, ओठ हलवत मोजलं, आणि इतक्या जोरात नर्सला हाक मारली की बाहेरची शिवीगाळ थांबली. अडतीस. नाडी अडतीस होती. चाकांच्या खाटेवर घालून आत नेलं.

अर्ध्या तासानं बाहेर आला. माझ्याशेजारी बाकावर बसला. पहिल्यांदाच बसला. हळू सांगितलं. पिवळी गोळी पाणी काढते, पण पोटॅशियम नावाचा क्षार अंगातच धरून ठेवते. आणि केळीच्या सालीच्या राखेत तोच ठासून भरलेला असतो. निरोगी माणूस कधीमधी खातो तेव्हा तो लघवीवाटे जातो. हिच्या अंगात साठत गेला. पाय त्यानंच गेले, मळमळ त्यानंच, आणि आता हृदय त्यानंच थांबायला आलंय.

"मीठ बंद म्हणालात," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"हो," तो म्हणाला.

म्हणजे तो क्षार मी घातला. रोज, दोन वेळा, ताटात वाढून, समोर उभं राहून.

४ डिसेंबर

सुया, औषधाची पावडर, पडद्यावर हिरवी रेघ. आत जाऊ देत नाहीत. पद्माबाइदेउंनी भात पाठवला, गिळवत नाही.

५ डिसेंबर

नाडी ५६. देवा.

७ डिसेंबर

रेणूला साध्या खोलीत आणलं. डोळे उघडले, मला बघून म्हणाली, "दाढी करा." नाडी ६८.

बाहेरच्या ओसरीवर डॉक्टर भेटला. मी ठरवून ठेवलं होतं, सगळं बोलायचं. आधी माझं. पिवळी चार दिवस बंद ठेवली होती, सांगून टाकलं. मग त्याचं काढलं. म्हटलं, वही तुमच्यापुढे धरली होती. पानोपानी लिहिलंय, पपई-खार, उडीद-खार, दुधी-खार. तुम्ही वजन बघितलंत.

"दहा दिवसांनी रक्त तपासा, असं लिहिलं होतं मी पहिल्या चिठ्ठीत. तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

"तळाची ओळ? ती रक्ताची? अहो, औषधवाल्याला वाचता आली नाही ती! तोंडानं सांगायला काय झालं होतं? तोंडाला काय भाडं पडतं?"

तो म्हणाला, "दर रविवारी माझी आई खार करते. मी स्वतः खातो. इतकं घरातलं आहे ते, की विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही."

मला त्याच्यावर अजून चिडायचं होतं. जमेना. माझ्याही डोक्यात कुठं आलं होतं? पण सोडणार नाही त्याला. यापुढे कागदावर एक अक्षर उमटण्याआधी तो विचारेल, आणि मी विचारायला लावीन.

१२ डिसेंबर

आज घरी सोडलं. निघण्याआधी डॉक्टरच्या खोलीत बसलो, दोघंही खुर्चीवर. त्यानं पॅड ओढलं, पेनचं टोपण काढलं. मी पॅडवर हात ठेवला.

"थांबा. आधी विचारा."

"काय विचारू?"

"ही काय खाते ते. उठल्यापासून निजेपर्यंत. तामूलपान धरून सगळं. बाहेरचे थांबतील."

त्यानं पेन बाजूला ठेवलं. हाताची घडी घातली. "बरं. सांगा."

मी वही उघडली, चष्मा लावला. "सकाळी सात वाजता..."

"तुम्ही नाही, खुरा," तो म्हणाला. "खुडी, तुम्ही सांगा. काय खाता, काय आवडतं, काय नको वाटतं?"

रेणूनं माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. म्हणाली, "खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"मला खार आवडत नाही. कधीच नाही आवडला. माझ्या माहेरी सगळे आंबटखाऊ. यांच्याकडे दुपारी खार लागायचा, म्हणून मी शिकले, करत राहिले. आपल्या पानात अगदी थोडा घ्यायचे."

मी म्हटलं, "एकेचाळीस वर्षं?"

"एकेचाळीस."

"आणि हा महिनाभर? ताट चाटूनपुसून रिकामं करायचीस!"

"तिसऱ्या दिवशीच नको झाला होता. जीभ सोलून निघाली होती. पण तुम्ही राखेनं माखलेले, बोटं सोललेली, वाढून झाल्यावर तोंडाकडे बघत उभे राहायचात. लग्न झाल्यापासून मला कुणी वाढून असं उभं राहिलं नव्हतं. कसं नाही म्हणू?"

डॉक्टर म्हणाला, "पण खुडी, सांगायचं तरी!"

"कुणी विचारलं?" रेणू म्हणाली. रागानं नाही. भाजीवाल्याला भाव सांगावा तसं.

डॉक्टरनं खाली बघितलं. मीही खाली बघितलं. दोघांच्या मधे ते कोरं पॅड होतं. महिनाभर मी याच्या नावानं खडे फोडले, की हा मेला विचारत नाही. आणि हिला माझ्या घरी येऊन एकेचाळीस वर्षं झाली.

मग त्यानं विचारलं आणि तिनं सांगितलं. वीस मिनिटं. मी एकदाही मधे बोललो नाही, दोनदा ओठ चावावे लागले. त्यानं एक गोळी कमी केली, रक्ताची तारीख मोठ्या अक्षरात लिहिली आणि मला वाचून दाखवायला लावली.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. मी हात धुतले, शेगडी पेटवली, कढई चढवली. सवयीनं पपई घेतली होती हातात. खाली ठेवली.

"रेणू, काय खाशील?"

"करा काहीही."

"काहीही नाही. तुला काय खावंसं वाटतंय ते सांग. डॉक्टरनं चालतं म्हटलेल्यातलं."

ती काहीतरी बोलायला गेली, थांबली. खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं दमली. मग म्हणाली, "थांबा हो जरा. आठवावं लागेल, मला काय आवडायचं ते."

मी शेगडी बंद केली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो.